पाठीवर नजर ठेवणारा माणूस

आमच्या गल्लीत दिनकर तात्यांच्या देखत कुणी काही उचलत नाही.

गॅसवाला पिंटू सिलिंडर घेऊन आला की आधी तात्यांच्या खिडकीकडे बघतो. खिडकी बंद असली तर पटकन वाकतो, सिलिंडर खांद्यावर टाकतो आणि चालू लागतो. उघडी असली तर बिचारा पाय फाकवतो, छाती काढतो, पोटात हवा भरतो आणि तान्हं मूल उचलावं तशा अदबीनं सिलिंडर उचलतो. एवढं करूनही कंबर जराशी गोल झालीच, तर आतून आवाज येतो:

"पाठ!"

एकच शब्द. पण तो ऐकल्यावर गल्लीत जो जिथं असेल तो तिथं सरळ होतो. भाजी निवडणारी माझी आई सरळ होते. शेजारच्या कट्ट्यावर मोबाइलमध्ये मान घालून बसलेली पोरं सरळ होतात. रोज दुपारी साडेचारच्या सुमारास तर गल्लीत कुणी काडीसुद्धा उचलत नसताना एक "पाठ!" यायची. आम्ही म्हणायचो, तात्या गळा साफ करतायत.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात फोटोवाल्यानं नवरदेवाला सांगितलं, नवरीला उचला. हल्ली तशी रीत निघाली आहे. नवरदेव कंबरेत वाकला. पंगतीत जिलेबी खात बसलेले तात्या पानावरून उठले आणि उष्ट्या हातानं धावले.

"जावईबापू, थांबा! गुडघं कुठं ठेवून आलाय? पाठीनं उचलताय व्हय? अजून आख्खा संसार उचलायचाय!"

मग त्यांनी नवरदेवाला पाय कसे ठेवायचे ते दाखवलं, नवरीला "तू हालू नगंस, तू वजन हायस" असं सांगितलं, आणि तीन वेळा करून घेतलं. त्या अल्बमात फोटो आहे. नवरा, नवरी, आणि नवऱ्याच्या कंबरेवर पाकाचा पंजा टेकवून उभे तात्या. तिघांत समाधानी फक्त तात्या दिसतात.

बघायला गेलं तर हा माणूस पैलवान वाटत नाही. सत्तरीकडे झुकलेले, बुटके, मान आखूड, अंगात बिनकॉलरचा सदरा. बोटांची टोकं पिवळट. ती तेजाबाची खूण. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायची. तात्यांनी कोइमतुरात चाळीस वर्षं भट्टी फुंकली. दुकानाच्या खालच्या मजल्यावर एक व्यायामशाळा होती. भट्टी निवेपर्यंत करायचं काय, म्हणून तात्या खाली उतरायचे, ते डेडलिफ्ट शिकूनच वर आले. जमिनीवरची वजनाची दांडी दोन्ही हातांनी धरायची आणि ताठ उभं राहायचं, एवढाच तो प्रकार. तात्या म्हणतात, "एवढाच हाय म्हणून तर अवघड हाय."

बायको गेल्यावर दुकान पोराच्या हवाली करून ते विट्याला परतले. परसातल्या म्हशीच्या गोठ्याची त्यांनी तालीम केली. दावणीच्या जागी दांड्या ठेवायचा लोखंडी घोडा आला, गव्हाणीत प्लेटा आल्या. तिथं आकडे तमिळमध्ये मोजतात. ओण्णू, रेंडू, मूणू. कारण तात्यांना उचलताना दुसरे आकडे सुचतच नाहीत. आमच्या विट्याची चार-पाच पोरं आणि माझी मुलगी ऋतुजा, सगळी तमिळमध्ये घाम गाळतात.

आणखी एक. गलाईच्या दुकानातला केर कधी टाकत नाहीत. जमिनीवर सांडलेले सोन्याचे कण त्यात असतात. केर साठवायचा, धुवायचा, त्यातून सोनं काढायचं. तात्यांनी ती सवय तालमीत आणली. दांडी निसटू नये म्हणून हाताला पांढरी पूड लावतात, ती जमिनीवर पडते. रात्रभर ती बसू द्यायची, सकाळी स्वतः झाडायची, केर चहाच्या गाळणीतून गाळायचा आणि पूड परत डब्यात.

"तात्या, डबा किती रुपयांचा येतोय?" मी एकदा विचारलं.

"किमतीचं न्हाई गड्या. केर टाकणाऱ्याचं ध्यान जाग्यावर नसतंय."

चहाच्या गाळणीचं कळल्यापासून मी त्यांच्याकडे चहा घेत नाही.

आता मी कोण ते सांगतो. स्टॅंडमागं माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरी-बोअरच्या जळक्या मोटारी येतात, त्यांना नवी तार भरून देतो. मी कमी बोलतो. लोकांना वाटतं स्वभाव शांत आहे. खरं असं की बोलायची गोष्ट मी आत दाबून ठेवतो आणि मग तिच्यावर बसून राहतो. या वर्षी अशाच एका गोष्टीवर बसलो होतो. ती आता सांगून टाकतो. पोरीचं आधीच सांगतो, म्हणजे वाचताना जिवाला घोर नको. ती ठणठणीत आहे.

ऋतुजा अकरावीत असताना दुकानात डबा द्यायला आली. वाटेत एक मोटार आडवी पडली होती, ती तिनं उचलून कोपऱ्यात ठेवली. पंखा दुरुस्तीला घेऊन आलेले तात्या दारातच थांबले.

"हिला कुणी शिकवलं?"

"काय?"

"पाठ बघितलीसा का? पाटाच्या फळीगत! आवं, ही पोरगी माझी. म्हंजे तुमचीच. पण पाठ माझी."

दुसऱ्या दिवशीपासून ती तालमीत. मला वाटलं पोरगी वजनं उचलेल. तिच्या हातात आली झाडूची काठी. ती पाठीवर उभी धरायची. डोक्याला, खांद्यांच्या मधे आणि खाली माकडहाडाला, तीन ठिकाणी टेकली पाहिजे. मग कंबरेतून मागं सरायचं, तिन्ही टेकलेलं सुटता कामा नये. दिवाळीला काठी हातात आली ती संक्रांतीपर्यंत सुटली नाही. घरीसुद्धा पोरगी काठी लावून कपाटातल्या चपला काढायची. तिची आई म्हणायची, "अगं, निदान ती केर काढायला तरी दे."

संक्रांतीला तात्यांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "आता दांडी."

त्यांचं शिकवणं असं. दांडी नडगीला चिकटून वर यायला हवी; "लांब गेली की ती तुझी न्हाई, जमिनीची." पोटात हवा भरायची, पट्टा नसला तरी पट्टा असल्यागत. "उचलू नगंस गड्या, जमीन खाली ढकल." मुलगी असो, मुलगा असो, सगळी गड्याच. आणि खाली ठेवताना आवाज नको. दांडी आपटली तर ते वजन त्या दिवशी धरायचं नाही. "ठेवताना दिसतंय माणूस कसा हाय ते."

वजन वाढवायचं ते तात्यांनी. त्यांनी कारखान्यातून अर्ध्या अर्ध्या किलोच्या चकत्या ओतून आणल्या होत्या. बाकीच्या तालमींत प्लेट वाढते, इथं चकती वाढायची. पोरगी म्हणायची, "तात्या, मला आणखी जातंय." तात्या नुसते डोळे बारीक करायचे. "जातंय ते दिसतंय. पिकलं न्हाई अजून." भट्टीतल्या रसाकडे बघून तो तयार झाला का ते ज्यांना चाळीस वर्षं कळत आलं, ते पोरीच्या पाठीकडे तसंच बघायचे.

सांगलीच्या निवड स्पर्धेची बातमी आली आणि माझं बिघडलं. पोरीचं नाही, माझं. दुकानात येणारा एक पलूसचा बागायतदार. त्याचीही मुलगी याच वजनगटात. तो मोबाइलवर तिचे व्हिडिओ दाखवायचा. "आमची एकशे दहा मारती. तुमची?" मी म्हणायचो, "बघू." आमची नव्वदच्या वर चकत्या-चकत्यांनी चालली होती. मला रात्री अंथरुणात चकत्या दिसायच्या.

तालमीतल्या पंख्या-दिव्यांची दुरुस्ती माझ्याकडे, म्हणून एक किल्ली माझ्याकडे. एके दिवशी तात्या पहिल्या एसटीनं आटपाडीला पाहुण्यांच्या वास्तुशांतीला गेले. तालीम बंद. मी ऋतुजाला म्हटलं, "चल, एकदा बघू तरी."

ती म्हणाली, "तात्यांनी सांगितलंय का?"

मी म्हणालो, "मी सांगतोय न्हवं."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. बाप असल्याचा एवढा वाईट उपयोग मी आयुष्यात कधी केला नाही.

एकशे दहा मी स्वतः चढवले. तिनं पूड लावली, हवा भरली, धरलं. दांडी हलली. मी "शाब्बास" म्हणेपर्यंत तिची कंबर आधी वर गेली आणि पाठ मांजरासारखी गोल झाली. दांडी गुडघ्यापर्यंत आली आणि तिच्या तोंडून "आई" निघालं. तशातही तिनं दांडी आपटली नाही. दात खात खाली ठेवली, आवाज न करता, आणि मग ती जमिनीवर आडवी झाली.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, स्नायू ओढलाय, विश्रांती. ते ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो ते पोरगीच मला म्हणाली, "पप्पा, उठा, रिक्षा आलीय."

पण त्याच्या आधी मी एक काम केलं होतं. तिला दारातल्या रिक्षात बसवून तालमीत परत गेलो, प्लेटा जागच्या जागी लावल्या, आणि जमिनीवर आमच्या पावलांचे पांढरे ठसे दिसले म्हणून आख्खी जमीन झाडली. केर भरला आणि गटारीत टाकला. मोटारवाल्याची अक्कल. तार जळाली की जळका भाग आधी फेकून द्यायचा.

घरी सांगितलं, कळशी उचलताना चमक भरली. तिची आई त्या कळशीला शिव्या देत होती. तात्या आटपाडीहून आले ते तसेच पिशवीसकट आमच्या दारात.

"कळशी?" ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो.

"पाण्याची कळशी?"

ऋतुजा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तात्या तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग ते चपला घालून निघून गेले. चप्पल उजवी-डावी उलटी घातली होती.

दुसऱ्या दिवशी तालमीला कुलूप. पोरं दारावरून परत गेली. खिडकी उघडी, पण आवाज नाही. पिंटूनं पहिल्या दिवशी घाबरत सिलिंडर उचलला, दुसऱ्या दिवशी बेफिकीर, तिसऱ्या दिवशी खिडकीसमोर मुद्दाम कंबरेत वाकून. काही नाही. तो माझ्या दुकानावर येऊन म्हणाला, "काका, तात्या आजारी हाईत का ओ? गल्लीत कसंतरीच वाटतंय. उचलल्यागत वाटंना." साडेचारचा आवाजही बंद झाला होता. माझी आई म्हणाली, "दुपार संपल्याचं कळतच न्हाई बाई आता."

मग एका सकाळी तात्या दुकानात आले. मी तार भरत होतो.

"भंगारवाला कोण चांगला हाय का तुमच्या वळखीत?" त्यांनी विचारलं. "दांड्या काढायच्यात. प्लेटा पण."

"का ओ तात्या?"

ते स्टुलावर बसले. पाठ वाकवून बसले. मी त्यांना तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"माझी पोर कळशीला वाकली. म्हंजे मी शिकवलं काय? बरं, ते असू दे. पोरगी हाय, गडबडीत वाकली आसंल. पण आटपाडीस्नं आलो तर तालीम झाडलेली. कोण झाडणार? मीच झाडली आसंल जायच्या आधी. पण ध्यानात न्हाई. आणि केर बघितला तर डब्यात न्हाई, सुपात न्हाई. टाकला गड्या मी. चाळीस वर्षांत कवा टाकला न्हाई, आणि टाकून इसरलो." त्यांनी पिवळ्या बोटांनी डोळे चोळले. "ज्याला केराचं ध्यान न्हाई, त्यानं लोकांच्या लेकरांच्या पाठीवर नजर ठेवायची व्हय? माझ्याच नजरेतनं काहीतरी निसटलं. तिची पाठ बिघडत चालली हुती, आणि मला दिसली न्हाई."

मी तारेचे वेढे मोजत होतो. मोजणी चुकली. सगळी तार उसवून परत पहिल्यापासून घालावी लागली. तेवढा वेळ मी मान खाली घालून होतो, आणि तात्या उठून गेले.

घरी आलो. ऋतुजा आता भिंतीला धरून चालत होती. मी तिला भंगारवाल्याचं सांगितलं. ती थांबली.

"पप्पा, तुमी सांगताय का मी सांगू?"

"सांगतो."

"कवा?"

"बघू."

"पप्पा," ती म्हणाली, "तुमचं 'बघू' मला म्हाईत हाय. आत्ता जावा. चालत जावा म्हंजे मधी कुठं थांबायचं न्हाई." तात्यांचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण तिचा मुद्दा मला कळला.

दुपारचे साडेचार झाले होते. दार नुसतं लोटलेलं. तात्या चटईवर बसले होते, समोर तांब्याला टेकवून मोबाइल. पडद्यावर एक पाच-सहा वर्षांचं पोर, शाळेच्या गणवेशात. तात्यांचा नातू, कोइमतूरचा. सून तिथलीच, त्यामुळे पोर तमिळ बोलतं. तात्यांचं तमिळ दुकानातलं. भट्टी, तेजाब, वजन, भाव. पाच वर्षांच्या पोराशी भावाचं काय बोलणार?

पण ते बोलत नव्हतंच. त्यानं दप्तर जमिनीवर ठेवलं, पाठीची अगदी कमान करून वाकलं, पट्टा धरला आणि तसंच, न उचलता, मान तिरकी करून मोबाइलकडे बघत थांबलं. हसू दाबत. कशाची तरी वाट बघत.

तात्या गप्प.

पोरानं दप्तर सोडलं, पाण्याची बाटली आणली. परत कमान. परत वाट बघणं. आता हसू कमी झालं होतं.

माझ्या डोक्यात उजेड पडला. गल्लीत कुणी काही उचलत नसताना रोज येणारी ती साडेचारची हाक. आजोबा-नातवाचं रोजचं बोलणं तेवढंच होतं. हे ओरडणार, ते खिदळत सरळ होणार, फोन बंद. आणि आज कितीतरी दिवस ते पोर रोज वाकत होतं आणि रोज नुसतंच सरळ होत होतं.

"तात्या," मी दारातूनच म्हणालो, "केर मी टाकला."

त्यांनी मान वळवली.

एकदा तोंड उघडल्यावर मग सगळं आलं. आटपाडी, किल्ली, पलूसवाला, एकशे दहा, कळशी. कुठं थांबलो नाही, कुठं "पण" म्हणालो नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत लांब भाषण ते असावं.  माझं सांगून संपल्यावर तात्यांनी विचारलं:

"एकदम एकशे दहा?"

"व्हय."

"आधी काय वर आलं? कंबर का छाती?"

"कंबर. पाठ मागनं आली, गोल होऊन."

"दांडी नडगीला हुती?"

"लांब गेली."

"जाणारच!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. "एकशे दहाला ती लांब जाणारच! पिकलंच न्हवतं, मी म्हटलं न्हवतं का? मला दिसलं हुतं!" आणि मग जरा थांबून, आवाज उतरवून, "ठेवली कशी?"

"आवाज न करता."

त्यांचे डोळे भरून आले. बाह्यांनी पुसले. मला वाटलं आता माझी धडगत नाही. मी तयारच होतो, खरं तर वाटच बघत होतो. ते उठले, माझ्यासमोर आले.

"आणि पूड? पूड कुठं टाकलीस?"

"गटारीत."

"गटारीत!" कपाळावर हात मारून तात्या भिंतीला टेकले. "मोटारीवाल्या, आरं पोरीचं मी समजू शकतो. लोभ हाय, बाप हाईस. पण आख्खा केर? गटारीत?"

"चुकलं तात्या."

"उद्यापास्नं काठी."

"तिला डॉक्टरांनी अजून..."

"तिला न्हाई. तुमाला. पहाटं यायचं. दिवाळीपतोर." चिडल्यावर ते मला अरे-तुरे करतात आणि शिक्षा सुनावताना परत अहो-जाहो. "आणि झाडायचं पण तुमीच. आणि गाळायचं."

मी मान हलवली. किती दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला ते सांगता येत नाही. त्यांनी शिकवल्यासारखा, खालपर्यंत.

मोबाइलमधून काहीतरी बारीक आवाज आला. पोर अजून तिथंच होतं. दप्तर, बाटली झाली. आता त्यानं घरातली उशी आणली होती. कमरेत अगदी घडी घालून वाकलं होतं आणि खालून, उलट्या तोंडानं, आजोबांकडे बघत होतं. शेवटचा प्रयत्न असावा.

तात्या मोबाइलसमोर बसले. घसा खाकरला. पोटात हवा भरली.

"पाठ!"

उशी उडाली, पोर खिदळत ताठ झालं. आणि बाहेर गल्लीत सिलिंडर दाणकन आपटला. पाठोपाठ पिंटूचा ओरडा आला, आनंदानं फुटलेल्या आवाजात:

"सरळच हाय की ओ तात्या! सरळच हाय!"